तेल बदलून बघू

चिंचवडला आमच्या घरापासून चार पावलांवर लाकडी घाण्याच्या तेलाचं एक दुकान नुकतंच निघालं आहे. काचेमागे विजेवर फिरणारा घाणा, बाहेर बाटल्यांच्या रांगा, आणि पायरीवर उभं राहून ‘शुद्धच आहे ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारणारी माणसं. मी तिथलं तेल घेत नाही. या वयात तळणाचं कौतुक उरलेलं नाही, आणि शुद्धतेचंही फारसं उरलेलं नाही. पण सकाळी फिरून परतताना गुडघे कुरकुरायला लागले की त्या दुकानाशेजारच्या कट्ट्यावर जरा टेकतो. परवा आत करडई चालू होती. कोमट तेलाचा आणि ओलसर पेंडीचा वास रस्त्यापर्यंत आला. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, ‘अगदी माहेरची आठवण झाली हो.’ त्यांना भाकरीवरचं तेल आणि तिखट आठवलं असणार. मला त्या वासानं तापलेलं लोखंड आठवलं, तेलात शिरताना त्याचा होणारा तो दबका, गिळल्यासारखा आवाज आठवला, आणि मग कट्ट्यावरून लवकर उठवेना.

मी या भागात आलो ते साठच्या दशकाच्या मध्यावर, हातात डिप्लोमाचा कागद घेऊन. तेव्हा पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत एकीकडे ज्वारी उभी असायची आणि दुसरीकडे कारखान्यांच्या भिंती उठत असायच्या. सकाळच्या शिफ्टला सायकलीवरून निघालेली माणसं धुक्यातून भोंग्याच्या दिशेनं जायची. आमच्या खात्यात भट्ट्या होत्या. लोखंडाचे भाग तापवायचे, मग तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक करायचे, हे आमचं काम. कंपनीच्या कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावाकडून आलेले कामगार मात्र सरळ ‘पाणी पाजायचं खातं’ म्हणायचे, कारण विळ्या-कोयत्याला लोहार पाणी पाजतो हे त्यांनी जन्मापासून पाहिलेलं. तेलात बुडवलं तरी ते पाणी पाजणंच.

त्या खात्यात एक गृहस्थ होते. चाकणचे, पिढीजात शिकलगार. सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते करणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या घरातले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, साहेबसुद्धा. शिक्षण दुसरी-तिसरी. मी पुस्तकातून शिकून आलो होतो की पोलाद अमुक अंशाला तापलं की बुडवावं. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात मला भट्टीच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाले, “आकडं मागनं. आदी रंग बघ.” मग एकेक रंग दाखवत गेले. काळ्यातून उगवणारा जांभळट, मग पिकल्या बोराचा, मग डाळिंबाच्या दाण्याचा. “हितं थांबायचं. ह्याच्या म्होरं शेंदूर. शेंदूर दिसला की चुकलं. आन् झेंडू दिसला तर ते लोखंड भंगारात टाक आन् घरी जा.” दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहून डाळिंब ओळखायला शिकलो. भट्टीला तापमान दाखवणारी एक तबकडी होती, तिच्याकडे ते वळूनही बघत नसत. एकदा काटा अगदी नेमक्या आकड्यावर होता आणि उस्ताद म्हणाले, “भट्टी खोटं बोलतीया.” आम्ही हसलो. इंजिनियर साहेबांनी तरी उघडून पाहिलं, तर आतली तार जळून तुटायला आलेली. त्या दिवसापासून मी तबकडीपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवायला लागलो. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथंच होतं, असं आता वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर उस्ताद निवृत्त झाले आणि चाकणला घरच्या जुन्या भट्टीकडे परतले. आमच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारची. नाशिक फाट्यावर एसटी धरायची, भोसरी, मोशी मागे टाकायची, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, की तासाभरात चाकण. आज तिथं मोटारींचे कारखाने आहेत आणि तेवढ्याच अंतराला दीड तास लागतो. तेव्हाचं चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार, बैलगाड्या आणि किल्ल्याच्या पडक्या तटाकडे जाणारी एक गल्ली. त्या गल्लीत उस्तादांचं घर, पुढच्या पडवीत भट्टी. भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवायला त्यांच्या पत्नी. त्यांना मी चाची म्हणत असे. उस्तादांना मात्र कधी चाचा म्हणवलं नाही. महिन्यातून दोन गुरुवार तरी मी जायचोच. मला बघितलं की उस्ताद म्हणायचे, “आला का डिप्लोमा! बस. चहा पी, मग हात काळं कर.”

ते घासून गेलेल्या कानशींच्या सुऱ्या करायचे. लोखंड घासायची कानस म्हणजे उत्तम पोलाद, आणि कारखान्यांच्या भंगारात ती ढिगानं मिळे. त्यांची आखूड पात्याची सुरी चाकणच्या बाजारात बायकांच्या हाती असे. कांद्याची वाळली मान आणि मुळं दिवसभर कापायची, तीही मातीसकट. साधी सुरी दुपारपर्यंत बोथट होते. उस्तादांची सुरी चार दिवस दगड मागायची नाही. खाटीक, खानावळवाले, राजगुरुनगरपर्यंतचे लोक येत. पण कांदा निवडणाऱ्या बायकांच्या सुरीचा त्यांना अभिमान जास्त होता. ‘त्यांचं पोट हिच्यावर चालतंय,’ असं म्हणून ते पातं बोटावर वाजवून बघत.

सुरीला तेल निवडणं हा त्यांच्या बोलण्याचा आवडता विषय. पाणी फार तापट, असं ते म्हणत. पातळ पातं पाण्यात घातलं की वाकडं तरी होतं, नाहीतर बारीक तडा घेऊन बाहेर येतं. तेल समजूतदार असतं, पण तेलातही भेद आहेत. फार घट्ट तेल आळशी, ते पात्यातली आग सावकाश घेतं आणि पातं मऊ राहतं. तेल गार ठेवलं तर पातं चांगलं थंड होईल असं कुणालाही वाटेल. मलाही कॉलेज सुटेपर्यंत वाटत होतं. होतं उलटंच. गार तेल दाट असतं आणि पात्याभोवती नुसतं लपेटून बसतं. कोमट तेल पातळ होऊन हलतं, आग घेऊन वर जातं आणि नव्या तेलाला जागा देतं. म्हणून थंडीच्या दिवसांत उस्ताद आधी एखादा जाड लोखंडी तुकडा लाल करून तेलात बुडवायचे, मग डब्यात बोट घालून बघायचे. बोटाला सोसवेल पण ठेवावंसं वाटणार नाही, इतपत ऊन तेल त्यांना लागे. आणि तेल करडईचं. ‘वडलांनी करडईच वापरली, त्यांच्या वडलांनीबी.’ मी कंपनीत या प्रश्नावर साहेबांबरोबर तक्ते भरले होते, आलेख काढले होते. त्या सगळ्याचा निष्कर्ष एवढाच होता की कानशीच्या पातळ पात्याला ऊन करडईचं तेल चांगलंच लागू पडतं.

एका गुरुवारी गेलो तर उस्तादांनी चहाचंही विचारलं नाही. पुढ्यात तीन मोडक्या सुऱ्या. बाजारातून परत आल्या होत्या. टोकाकडून, जरा जोर लावला की कडकन मोडलेल्या. त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बघ जरा. तुजं शिक्षण काय म्हंतंय?”

मी मोडलेली बाजू उन्हात धरली. नीट कडक झालेलं पोलाद मोडलं तर आतून मैद्यासारखं दिसतं, करडं आणि दाट. हे जाड्या रव्यासारखं होतं, दाणे चमकत होते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते सुंदर वाटेल. त्याचा अर्थ एकच असतो: पातं बुडवण्याआधी फार तापलं. तेलाचा त्यात काही संबंध नसतो. मग त्यांनी नवं पातं भट्टीत घातलं आणि मी शेजारी उभा राहिलो. डाळिंब आलं. मी वाट पाहिली. उस्ताद पात्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, मान थोडी तिरपी करून. शेंदूर आला. “आजून जरा,” ते चाचींना म्हणाले. पातं झेंडूच्या रंगाला गेलं तेव्हा ते समाधानानं पुटपुटले, “आलं डाळिंब,” आणि त्यांनी ते उचलून तेलात सोडलं.

ज्यांनी मला रंग दाखवले त्यांना रंग दिसत नव्हता. तीसेक वर्षं उघड्या डोळ्यांनी भट्टीत बघितल्याचा तो परिणाम, हे तिथल्या तिथं माझ्या लक्षात आलं. आमच्या खात्यातल्या आणखी दोघांचे डोळे तसेच गेले होते. आता फक्त तोंड उघडायचं होतं. ‘उस्ताद, डोळे दाखवून घ्या.’ चार शब्द. पण ज्या माणसानं भट्टीचं खोटं पकडलं होतं त्याला, त्याच्या पडवीत, त्याच्या बायकोसमोर हे कसं सांगायचं? आमच्याकडे उस्तादाला चूक दाखवायची रीत नव्हती. चुकलंच तर दोष हत्याराला द्यायचा, कोळशाला द्यायचा, हवेला द्यायचा. समजायचं ते समजतं. ही रीतही त्यांनीच मला शिकवली होती. मी डब्यातलं तेल बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला, आणि जाणत्यासारखं म्हणालो, “तेल थकलंय, उस्ताद. बदलून बघू.”

त्यांचा चेहरा असा काही सुटला, की मला वाटलं बरंच केलं. “व्हय ना? म्याबी तेच म्हंत होतो,” असं म्हणून त्यांनी लगेच चहा सांगितला.

तिथून ते वर्ष सुरू झालं. पहिल्यांदा शेंगतेल आणलं. त्या दिवसांत गोड्या तेलाची टंचाई, रेशनच्या दुकानापुढे डबे घेऊन रांगा. चाची पंखा फिरवता फिरवता म्हणाल्या, “कालवनाला पळीभर न्हाई, आन् लोखंडाला डबाभर!” मी ऐकलं आणि खाली बघितलं. शेंगतेलानं काही फरक पडला नाही, पडायचा नव्हताच. मग मी साहेबांना विचारून, गेटपास करून, कंपनीच्या तेलाचा एक कॅन नेला. ते तेल मोठ्या जाड भागांसाठीचं, संथ. त्यात पाती जरा कमी तडकली. दोन आठवडे एकही सुरी परत आली नाही आणि उस्तादांनी गल्लीभर सांगितलं की डिप्लोमानं तेल शोधलं. तिसऱ्या आठवड्यात पाच परत आल्या. मग एरंडेल झालं. ते मधासारखं दाट, त्यात पाती मऊच राहिली आणि पडवीला सुइणीच्या खोलीचा वास आला. त्यावर आम्ही दोघं खूप हसलो, आणि हसता हसताच मला रडू येईलसं वाटलं. शेवटी भोसरीच्या एका गॅरेजमधून ट्रकचं जळकं तेल आणून करडईत मिसळलं. त्याचा काळा, घशात बसणारा धूर सगळ्या घरात भरायचा. शेजारी तक्रार करत. उस्तादांचे डोळे लाल होऊन त्यातून पाणी वाहायचं, कपाळ ठणकायचं, ते रुमाल घट्ट बांधून बसायचे. “लई वंगाळ धूर हाय तुज्या तेलाचा,” एवढंच म्हणायचे. मीही धुराचंच मानलं. मानायला ते सोयीचं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट मी करत होतो. मी असेन त्या दिवशी डाळिंब दिसलं की मुद्दाम काहीतरी बोलायचो. “काढा आता उस्ताद, बसची वेळ झाली,” असं काहीही. ते काढायचे. त्यामुळे गुरुवारच्या सुऱ्या चांगल्या निघत आणि इतर दिवशीच्या मोडत. उस्तादांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. “तुजा हातगुन हाय बाबा. तू आलास की तेल नीट वागतंय.” ते हे मनापासून म्हणत होते. मी मान डोलवायचो आणि बशीत चहा ओतायचो. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा तर त्या शब्दांनी थोडा सुखावतही होतो.

चाचींना किती कळलं होतं कोण जाणे. त्या पंखा फिरवत, पात्याकडे त्यांचीही नजर असे. उस्ताद ‘आजून वारं दे’ म्हणाले की त्या दांडा फिरवल्यासारखं करून हळूच थांबत, हे मी एक-दोनदा पाहिलं. एकदा उस्ताद नमाजाला गेले असताना त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “खरं सांग रे, तेलानं येवढा फरक पडतो व्हय?”

ती दुसरी संधी होती, पहिलीपेक्षा सोपी. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी म्हणालो, “पडतो, चाची.” त्या आत गेल्या.

एवढ्या वर्षांनी मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली आहेत. तेव्हा खात्यात ओव्हरटाइम फार होता, घरी दोन लहान मुलं, अंग शिणलेलं असायचं; आठवड्याच्या एका सुट्टीला कुणाचं मन मोडायला अंगात बळ लागतं. खरं बोलायला फार दम लागतो, तेल बदलायला तेवढा लागत नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण असं की त्यांच्या नजरेतला मी मला हवा होतो. मी खरं सांगितलं असतं तर त्या पडवीतली माझी जागा कुठली राहिली असती, याची मला भीती वाटली. आदर म्हणून जे मी स्वतःला सांगत होतो त्यात निम्मी ही भीती होती.

वर्ष पुरं होत आलं तेव्हाची गोष्ट. मी पोचलो तर पडवीत कांद्याच्या बाजारातली एक बाई बसलेली. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. कांदा कापता कापता सुरी मोडली आणि पात्याचा तुकडा तळहातात शिरला. राजगुरुनगरच्या दवाखान्यात टाके घातले होते; दोन बोटं वळत नव्हती. ती भांडायला आली नव्हती. तिनं मोडक्या सुरीची मूठ उस्तादांपुढे ठेवली आणि म्हणाली, “चाचा, तुमची सुरी आशी कंदी मोडली न्हवती. म्हनून सांगाया आले. दुसऱ्या कुनाला लागाया नगं.”

ती गेल्यावर उस्तादांनी ती मूठ उचलून बघितली. मग उठले, भट्टीतला कोळसा चिमट्यानं एकेक बाहेर काढून पाण्यात विझवायला लागले. “बास,” म्हणाले. “हात उतरला माजा. आता ह्या हातानं लोकांचं हात कापायचं न्हाईत.”

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो. कसं बोललो ते आठवत नाही. वाक्यं नीट लागली नाहीत एवढं आठवतं. “हात नाही उतरला, उस्ताद. हात पहिल्यासारखाच आहे. तुम्हाला रंग दिसत नाही. तुम्ही डाळिंब म्हणता तेव्हा झेंडू असतो.”

त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. “आन् तेल?”

“तेलाचं काही नव्हतं.”

“तुला कदीपासनं ठावं हाय?”

“पहिल्या सुरीपासून.”

ते रागावतील म्हणून मी थांबलो. ते रागावले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत असल्यासारखे बसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मला वाटलं, वय झालं, कसब गेलं. डोळं हायेत म्हनला असतास तर डोळं दाखवलं असतं. त्यात काय व्हतं रे?”

मी पाण्यात विझलेले कोळसे गोळा करायला लागलो.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घेऊन पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि मला, बहुधा मुलगा समजून, बाजूला बोलावलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढता येईल. उजव्यातला पिकून फुगला, त्यानं डोळ्यातला दाब वाढला, मागची शीर गेली. तो डोळा परत येणार नाही. “डोकं दुखत असेल, डोळा लाल होत असेल, पाणी येत असेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही? सहा महिने आधी आणलं असतं तरी दोन्ही वाचले असते.” धुराचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. बाकावर बसलेल्या उस्तादांना ते ऐकू गेलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि मोशीला म्हणाले की पाऊस बरा झालेला दिसतोय, रानं हिरवी आहेत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा मी होतो. पातं तापायला लागलं आणि उस्ताद पुढे वाकले. “याऽ अल्ला,” ते म्हणाले, “येवढा लाल असतो व्हय!” एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकायचा. पातं कधी तेलाच्या डब्याच्या काठावर आपटायचं, म्हणून डबा रुंद तोंडाचा घेतला आणि चाचींनी त्याच्या काठाला चुना फासला. जळकं तेल ओतून दिलं, डबा राखेनं घासला आणि त्यात पुन्हा करडईचं तेल भरलं. सुऱ्या पहिल्यासारख्या व्हायला लागल्या. मोडून बघितलेल्या पात्यात मैदा दिसला तेव्हा उस्तादांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. हात दुखावलेल्या त्या बाईला त्यांनी नवी सुरी करून दिली, डाव्या हाताच्या आधाराची गरज पडू नये अशा मुठीची. तिची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली.

मी जात राहिलो. पहिल्यासारखं काही नव्हतं आणि सगळं पहिल्यासारखंच होतं. चहा, पंखा, तेल ऊन झालं का बघणं. उजव्या डोळ्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी दोनदा सुरुवात केली तर त्यांनी मला कोळसा आणायला पाठवलं.

मग एके दिवशी बाजारातले एक आडतदार आले. नवी सुरी हातात तोलत म्हणाले, “चाचा, आता पुन्हा जुना माल दिसतोय. मधी वरीसभर काय झालं व्हतं? नाव खराब व्हायची पाळी आली व्हती.” मी मान खाली घातली. उस्ताद पातं पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “त्या साली तेल वंगाळ लागलं राव. भेसळीचं. ह्या डिप्लोमानं धावपळ करून नवं शोधलं म्हनून निभावलं.”

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला, आणि पुन्हा पातं पुसायला लागले. त्यानंतर जो कुणी विचारेल त्याला तेच उत्तर मिळालं. खाटकाला, खानावळवाल्याला, त्यांच्या स्वतःच्या भावाला. त्या साली तेल खराब होतं. चाचीही तसंच सांगायच्या. माझी थाप त्यांनी अशी उचलली जणू ती त्यांचीच होती, आणि तिच्यात माझ्यासाठी एक चांगली जागासुद्धा करून ठेवली. त्यांनी चारचौघांत मला दोष दिला असता तर मी तो घेऊन मोकळा झालो असतो. हे ओझं मात्र मला खाली ठेवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर उचलून धरायचाही आता कंटाळा आला आहे.

ऐंशी साल उलटल्यावर एका हिवाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा मी पहिल्या शिफ्टला होतो. अर्धी रजा टाकून चाकण गाठलं. मूठभर माती दिली. परतताना कब्रस्तानाच्या दारात माणसं नेहमीसारखी बोलत उभी होती. उस्तादांची सुरी म्हणजे सुरी, असं कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “उभ्या जल्मात येक वरीस काय ते चुकलं. त्यातबी त्यांचा काय दोष, तेलच खराब आलं व्हतं.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही त्यांच्यात उभा होतो.

आता ते बोलणारे कुणी उरले नाहीत. चाची पाठोपाठ गेल्या. ती गल्ली रुंदीकरणात निम्मी गेली आणि पडवीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. त्या एका वर्षाची आठवण असलेला माणूस मी एकटा, आणि मलाही हल्ली पुष्कळ गोष्टी विसरायला होतात. त्याआधी एवढं लिहून ठेवतो. त्या साली तेल खराब नव्हतं. शेंगतेलही चांगलं होतं, कंपनीचं तेलही आपल्या जागी ठीक होतं, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या डब्यात होतं ते करडईचं तेल, ज्याला मी थकलेलं म्हणालो, ते अगदी उत्तम होतं.